लातूर की नांदेड: भाड्याची पाटी बघण्याआधी

महसूल आयुक्तालय कुठं व्हावं यावरून दोन्ही शहरांचं २००९ पासून वाजलेलं आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागो. बदली होऊन आलेल्या मास्तरांना, पोरगी अकरावीला घातलेल्या आईबापाला किंवा पेन्शनीच्या पैशात प्लॉट घेणाऱ्याला वेगळीच चिंता असते: राहायला कोणतं बरं? आमचं मत असं, की दोन-तीन वर्षांचं काम असेल तर लातूर आणि कायमचा मुक्काम असेल तर नांदेड. मात्र घर दोन्हीकडं पाणी बघूनच घ्यावं, आणि बघायची रीत एकाची दुसऱ्याच्या अगदी उलटी आहे.

आधी लातूर. शहराची मदार धनेगावच्या मांजरा धरणावर. धरणाचा उपयुक्त साठा १७६.९६ दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. लागोपाठ दोन पावसाळे रुसले की धरणाचा तळ दिसतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते यामुळंच. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आल्या, पाच लाख लिटर. ते साल टोकाचं होतं हे खरं, पण धरण भरलेलं असतानाही इथं रोज नळ येतोच असं धरून चालू नका. किती दिवसांआड येतो ते गल्लीगणिक बदलतं.

म्हणून घरमालकाला "पाणी आहे का?" असं विचारण्यात अर्थ नाही. "भरपूर हाय की" हेच उत्तर ठरलेलं. नळ किती दिवसांनी येतो, किती वेळ टिकतो, जमिनीतला हौद किती लिटरचा आहे आणि तो किती घरांत मिळून आहे, हे चार प्रश्न विचारा. हिशेब सोपा आहे. माणशी रोज १३५ लिटर धरले तर चौघांना ५४० लागतात. नळ आठ दिवसांआड असेल तर ४,३२०. म्हणजे एका घराला पाच हजारांचा हौद पुरतो. तोच हौद तीन भाडेकरूंत असला की तीन दिवसांत संपतो आणि पुढं बोअर नाही तर टँकर. टँकरचे पैसे कोण देणार हे करारातच लिहून घ्या, भांडणं नेमकी तिथं होतात. बोअरचं पाणी जड असतं. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, नळाच्या तोंडाची जाळी बुजते आणि मे महिन्यात बोअरच आटतं. हौद रस्त्याच्या पातळीच्या खाली असावा, कारण कमी दाबानं आलेलं पाणी गच्चीवरच्या टाकीपर्यंत चढत नाही. झाकण घट्ट असावं. आठ-दहा दिवस साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, त्यामुळं बादल्या-पिंपं आठवड्यातून एकदा घासून कोरडी करण्याला पर्याय नाही.

नांदेडला गोदावरी दाराशी. विष्णुपुरीच्या जलाशयातून शहराला पाणी मिळतं आणि लातूरसारखं हौदाचं गणित मांडत बसावं लागत नाही. इथली भीती पुराची. वरून जायकवाडीचा विसर्ग आणि मधल्या भागातला पाऊस एकत्र आला की विष्णुपुरीच्या १८ दरवाजांतले एकेक उघडायला लागतात. जुन्या पुलाजवळ इशारा पातळी ३५१ मीटर आणि धोक्याची ३५४. नावघाट, खडकपुरा, देगलूर नाक्याकडचा सखल भाग यांना हे आकडे पाठ असतात. नवीन माणूस फसतो तो वेगळ्याच ठिकाणी. नदी दिसतसुद्धा नाही अशा लेआउटमध्ये तो प्लॉट घेतो, पण शेजारून नाला जातो. नदी चढली की नाल्याचं पाणी तिच्यात उतरत नाही, तुंबून मागं फिरतं आणि कॉलनीत शिरतं. मे महिन्यात तोच नाला कोरडा ठणठणीत असतो, दलाल गाडी नेमकी तेव्हाच काढतात. प्लॉट ऑगस्ट-सप्टेंबरात बघा. शेजारच्या भिंतीवर ओलीचा पट्टा किती वर गेलाय, लोकांनी विजेचं मीटर किती उंचीवर बसवलंय, एवढं नीट पाहिलं तरी पुरे.

उन्हाळा दोन्हीकडं कडकच. पण लातूर बालाघाटच्या पठारावर आहे, नांदेडपेक्षा दीडशे मीटरहून जास्त उंच, त्यामुळं तिथली रात्र जरा लवकर निवते. नांदेडला भिंती उशिरापर्यंत धग सोडत राहतात. कोरड्या हवेत कूलर दोन्हीकडं चांगला चालतो. लातूरला त्याला घालायचं पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न उरतोच.

शिक्षणासाठी लातूरचं नाव मोठं, आणि ते फुकट झालेलं नाही. उद्योग भवनाच्या आसपासच्या ट्यूशन एरियात क्लास, मेस, अभ्यासिका सगळं पायी अंतरावर आहे. परगावची एकटी पोरगी ठेवायची तर ही मोठी सोय. खोटही तिथंच आहे: खोलीचा भाव कॉटवर ठरतो, दहा बाय दहात तीन कॉट बसवतात, आणि निकालानंतर अकरावीची झुंबड उडते तेव्हा सौदा करायला वाव राहत नाही. जून उजाडायच्या आत खोली धरा. नांदेडलाही श्यामनगर, बाबानगर भागात क्लास कमी नाहीत. शिवाय अभियांत्रिकीला विष्णुपुरीचं गुरू गोविंदसिंगजी कॉलेज आहे, त्या तोडीचं लातूरला नाही.

गंमत अशी, की कागदपत्रांनी दोघांना एकमेकांच्या गळ्यात बांधलंय. दहावी-बारावीचं विभागीय मंडळ लातूरला, तर १९९४ ला झालेलं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ नांदेडला. नांदेडकराची बारावीची मार्कशीट हरवली की त्याला लातूर मंडळाचं दार वाजवावं लागतं; लातूरकराच्या पदवीवर शिक्का नांदेडचा. लातूरला विद्यापीठाचं उपकेंद्र आहे, काम तिथं होतंय का ते आधी विचारून मगच नांदेडची बस धरा.

दवाखान्याच्या बाबतीत नांदेड वरचढ. डॉक्टर लेनमध्ये एका रस्त्यावर बहुतेक सगळे स्पेशालिस्ट सापडतात. फक्त सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना शहर सोडून विष्णुपुरीला आहे, रात्री रिक्षा शोधावी लागते. लातूरचा सरकारी दवाखाना शहरातच आहे.

रेल्वेत तर नांदेडशी बरोबरीच नाही. विभागीय मुख्यालय असल्यामुळं मुंबई, हैदराबाद, थेट अमृतसरपर्यंत गाड्या. दसरा आणि होळीला गुरुद्वाऱ्यात देशभरचे यात्रेकरू येतात, त्या आठवड्यात आरक्षण मिळणं कठीण. तिकीट खूप आधी काढून ठेवा. लातूरहून मुंबईला रात्रीची गाडी आहे आणि पुण्यासाठी लातूर नांदेडपेक्षा जवळ, एवढं लातूरच्या बाजूनं म्हणता येईल. विमानतळ नांदेडला आहे, पण सेवा मधूनमधून बंद पडते, तिच्या भरवशावर नोकरीचा निर्णय घेऊ नका.

एक पाय लातुरात नि एक नांदेडात असं ज्यांचं होणार आहे, त्यांनी रेल्वेचा नाद सोडावा. पनवेल-नांदेड गाडी दोन्ही गावं जोडते खरी, पण लातूर रोड, परळी, परभणी, पूर्णा असा मोठा वळसा घेऊन. चाकूर-अहमदपूर-लोहा रस्त्यानं एसटी कितीतरी लवकर पोचवते. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची जत्रा भरते तेव्हा मात्र हाच रस्ता घोडे, गाढवं आणि ट्रॅक्टरनी भरून जातो. त्या चार-पाच दिवसांत पहाटेची पहिली बस धरा.