पार्ल्यातील रविवारचा वन्यजीव वर्ग: उंटापासून निवटीपर्यंत पाण्याचा हिशेब

विलेपार्ले पूर्वेला एका सभागृहात रविवारी सकाळी मुलांसाठी एक वर्ग भरतो. वाळवंट, ध्रुवप्रदेश, खाडी आणि जंगल या चार परिसंस्थांमध्ये वन्य प्राणी कसे तग धरतात, एवढाच त्याचा विषय आहे. वर्ग चालवणारा गट लहान आहे आणि त्यातील त्रुटींविषयीही लिहायचे असल्यामुळे त्याचे नाव येथे देत नाही. पार्ल्याच्या पालकांना तो ओळखू येईल. माझी मुलगी या वर्गाला जात होती आणि पालकांना मागच्या रांगेत बसू देतात, म्हणून बहुतेक तास मला स्वतःला पाहता आले. मुंबईत सुट्टीतील शिबिरांना तोटा नाही, पण प्राण्यांवरची शिबिरे बहुधा वाघाचे मुखवटे रंगवण्यात आणि ‘सर्वांत वेगवान’, ‘सर्वांत मोठा’ अशी यादी पाठ करून घेण्यात संपतात. हा वर्ग मुलांना प्रत्येक प्राण्याच्या पाण्याचा आणि उष्णतेचा हिशेब मांडायला लावतो, आणि त्यातील उणिवा लक्षात घेऊनही त्याची शिफारस करावीशी वाटते ती याच कारणासाठी.

पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाला एक वही मिळते. एका प्राण्याला एक पान असते आणि पानावर दोन रकाने असतात. शरीरात पाणी कोठून येते हे एका रकान्यात आणि ते कोठून बाहेर जाते हे दुसऱ्या रकान्यात लिहायचे. सुरुवात अर्थातच उंटापासून होते. उंटाच्या कुबडात पाणी असते, असे बहुतेक मुलांनी उत्साहाने सांगितले, आणि शिकवणाऱ्या ताईंनी ते लगेच खोडून न काढता वहीत लिहायला लावले. मग कुबडात चरबी असते हे कळले. त्यावर एका हुशार मुलाने चरबी जळली की तिचे पाणी होते, असे सांगितले. ते खरे आहे, पण अपुरे आहे. चरबी जाळण्यासाठी प्राणवायू लागतो, त्यासाठी अधिक श्वास घ्यावे लागतात आणि कोरड्या हवेत प्रत्येक उच्छ्वासाबरोबर ओलावा बाहेर जातो, त्यामुळे या व्यवहारात उंटाच्या पदरी पाण्याची शिल्लक पडत नाही. ही बाब ताईंनी दोन्ही रकाने समोर ठेवून इतकी सोपी करून दाखवली की कुबड हा पाण्याचा नव्हे, तर अन्नाचा साठा आहे, हे मुलांनी स्वतःच म्हटले. चरबी सर्वांगावर न पसरता पाठीवर एका जागी गोळा झाल्यामुळे उरलेल्या अंगातून उष्णता सहज निघून जाते, ही पुढची गोष्टही मग आपसूक आली.

उंटावर या वर्गात बराच वेळ दिला जातो आणि तो वाया जात नाही. १९५० च्या दशकात क्नूट श्मिट-नीलसन या शास्त्रज्ञाने अल्जीरियाच्या सहारात उंटांवर जी मोजमापे केली, त्यांचा आधार घेऊन मुलांना गणिते घातली जातात. तहानलेल्या उंटाचे शरीर पहाटे ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि दुपारी ४० अंशांच्या पुढे जाऊ शकते. आपल्याला हा ताप ठरेल, उंटाला मात्र ती बचत ठरते, कारण दिवसभर शोषलेली उष्णता घाम न गाळता रात्रीच्या थंड हवेत सोडून देता येते. ५०० किलो वजनाच्या उंटाचे तापमान सहा अंशांनी वाढू दिले, तर साधारण चार ते पाच लिटर घाम वाचतो, हे मोठ्या मुलांनी आकडेमोड करून काढले. अंगावरची लोकर उतरवली तर उंटाला घामावाटे जवळजवळ निम्म्याने अधिक पाणी गमवावे लागते, हे ऐकल्यावर उन्हाळ्यात केस कापणाऱ्या मुलांत मोठी चर्चा झाली. शरीराच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाइतके पाणी कमी झाले तरी उंट चालू शकतो आणि पाणी मिळाल्यावर काही मिनिटांत शंभर लिटरहून अधिक पिऊ शकतो, ही माहितीही आली, पण ती कौतुकाने फुगवून न सांगता हिशेबाच्या ओघात आली.

या वर्गातील सर्वांत चांगला प्रयोग साध्या साहित्याचा होता. कोमट पाण्याच्या दोन बाटल्यांपैकी एकीला ओले फडके आणि दुसरीला कोरडे फडके गुंडाळून पंख्याखाली ठेवले आणि मुलांनी ठरावीक वेळाने तापमान नोंदवले. ओल्या फडक्याची बाटली लवकर थंड झाली, पण मुलांना वाटले होते तितकी लवकर नाही. ताईंनी येथेच मुंबईची दमट हवा विषयात आणली. हवेत आधीच भरपूर बाष्प असले की फडक्यावरचे पाणी सावकाश उडते, म्हणूनच मे महिन्यात लोकलमध्ये आपण घामाने निथळतो तरी गारवा मिळत नाही, आणि म्हणूनच नागपूरच्या माठातले पाणी आपल्या माठातल्या पाण्याहून गार लागते. वाळवंटात घाम झटकन उडतो आणि अंग गार करतो, पण तेथे त्याची भरपाई करायला पाणी नसते. पाठ्यपुस्तकात ‘अनुकूलन’ एका परिच्छेदात संपते, येथे मुलांना ते आपल्याच अंगावरच्या घामातून समजले. उंट इतका काटक आहे तर तो मुंबईत मजेत राहील का, असे एका मुलीने विचारले, तेव्हा दमट प्रदेशात माश्यांमुळे पसरणारा ‘सर्रा’ हा रोग उंटांना कसा छळतो, हे सांगून ताईंनी काटकपणा म्हणजे कोठेही जगण्याची ताकद नव्हे, हेही स्पष्ट केले.

त्यानंतर अमेरिकेतील कांगारू उंदीर आला, जो कोरड्या बियांवर जगतो, दिवस बिळात काढतो आणि पाणी न पिताही राहू शकतो. नामिबच्या वाळवंटातील तो भुंगाही आला, जो धुक्याच्या वेळी वाळूच्या टेकडीवर डोके खाली करून उभा राहतो आणि पाठीवर जमून ओघळणारे थेंब तोंडात घेतो. सँडग्राउज पक्ष्याचा नर पोटाच्या पिसांत पाणी भिजवून दूरवरच्या पिलांपर्यंत नेतो, हे पान मुलांनी सर्वांत मन लावून भरले. बिळाचा उपयोग समजावा म्हणून सभागृहामागच्या बागेत मातीचे पृष्ठभागावरचे आणि हातभर खोल खड्ड्यातले तापमान मोजले गेले. पार्ल्याच्या सावलीतल्या मातीत फरक फार दिसत नाही, त्यामुळे हा प्रयोग बागेऐवजी मोकळ्या मैदानात उन्हात करणे बरे.

मुलांना शिकवताना एक चूक हमखास होते. उंटाला वाळूत चालायचे होते म्हणून त्याने आपले पाय रुंद करून घेतले, अशा भाषेत आपण बोलतो आणि मुलांना ते खरेच वाटते. त्यावरचा उपाय या वर्गाकडे आहे. हिरव्या कापडावर हिरवे मूग आणि केशरी मसूर विखरून मुलांना ‘पक्षी’ होऊन दाणे वेचायला सांगतात. जे दाणे उरतात त्यांच्यात प्रत्येकी एक तसाच दाणा वाढवून पुन्हा वेचायला सांगतात. काही फेऱ्यांत कापड मुगाने भरते आणि मसूर दिसेनासा होतो. एकाही दाण्याने रंग बदललेला नाही, हे मुलांना हाताने करून कळते. खेद एवढाच की त्याच दिवशी घरी दिलेल्या छापील पानावर ‘उंटाने आपल्या पायांत बदल करून घेतला’ अशा अर्थाचे वाक्य होते. हे पान कोणीतरी परदेशी साहित्यावरून उतरवलेले दिसते, आणि वर्गात जे कमावले ते घरी गमावू नये म्हणून ते बदलायला हवे.

ध्रुवप्रदेशाचा तास डालड्याच्या हातमोज्यावर उभा होता. एकात एक घातलेल्या दोन पिशव्यांमध्ये डालडा भरून हात त्यात घालायचा आणि बर्फाच्या पाण्यात बुडवायचा. सीलच्या चरबीचा उपयोग यातून समजतो आणि सभागृहाची फरशी दिवसभर निसरडी राहते. उत्तरेतले अस्वल आणि दक्षिणेतला पेंग्विन यांना एकाच बर्फावर उभे करणारे चित्र मात्र भिंतीवर लावलेले होते. वर्षाला २५० मिलिमीटरहून कमी पाऊस पडणाऱ्या प्रदेशाला वाळवंट म्हणायचे, तर सहाराहून मोठे वाळवंट अंटार्क्टिका ठरते, हे याच तासात सांगून दोन विषय जोडले गेले, ही जमेची बाजू.

भायखळ्याच्या राणीच्या बागेतील फेरी या वर्गाचा सर्वांत भरीव भाग आहे. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात २०१६ साली दक्षिण कोरियाहून आलेले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे आहेत. काचेआडची थंडी पाहून प्रत्येक मूल त्यांना बर्फाळ प्रदेशातले समजते. प्रत्यक्षात हा पक्षी पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा आहे, आणि त्याच्या घरामागे अटाकामा पसरले आहे, जे जगातील अत्यंत कोरड्या वाळवंटांपैकी एक आहे. ताईंनी मुलांना चोचीच्या बुडाशी असलेली उघडी गुलाबी कातडी शोधायला लावली. ती कातडी अंगातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी उपयोगी पडते. बर्फावर जगणाऱ्या पक्ष्याला उष्णता घालवायची कशाला, हा प्रश्न मग मुलांनीच विचारला आणि उत्तर नकाशावर सापडले. हम्बोल्ट प्रवाहाचे थंड पाणी किनाऱ्यावरची हवा थंड ठेवते, त्यामुळे ढग पाऊस देत नाहीत आणि जमीन वाळवंट होते. तेच थंड पाणी खोल समुद्रातली पोषक द्रव्ये वर आणते, म्हणून तेथे माशांचा सुकाळ असतो. जमिनीला उपाशी ठेवणारा आणि समुद्राला पोसणारा प्रवाह एकच आहे. हे पेंग्विन समुद्रपक्ष्यांच्या साचलेल्या विष्ठेत बिळे करून पिलांना उन्हापासून वाचवतात, आणि खतासाठी ही विष्ठा खणून नेल्यामुळे त्यांची घरटी गेली. एल निन्योच्या वर्षी पाणी तापते, मासे दूर जातात आणि पेंग्विन उपाशी पडतात. त्याच एल निन्योने आपल्याकडचा पाऊस अनेकदा ओढ धरतो, हे सांगितल्यावर वर्तमानपत्रातला शब्द मुलांना ओळखीचा झाला. आयोजकांनी ही फेरी रविवारी ठेवू नये. बुधवारी उद्यान बंद असते, पण शाळेच्या सुट्टीतला एखादा मंगळवार किंवा गुरुवार निवडला तर काचेपुढे शांतपणे उभे राहता येईल.

खाडीच्या तासासाठी मुलांना ऐरोलीला नेले. ठाणे खाडीचा फ्लेमिंगोंसाठीचा भाग २०१५ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. चोच उलटी करून चिखलपाण्यातले सूक्ष्म शैवाल गाळून घेणारा हा पक्षी कच्छच्या रणात, म्हणजे मिठाच्या वाळवंटात, प्रजनन करतो. त्यामुळे वाळवंट आणि मुंबई यांच्यातला पहिला खरा दुवा मुलांना येथेच मिळाला. खारे पाणी चालवून घेण्यासाठी त्याच्या डोक्यात मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात, आणि तशाच ग्रंथी पेंग्विनलाही असतात, हे वहीची दोन पाने शेजारी ठेवून दाखवले गेले. तिवराच्या पानांवर साचलेले मीठ मुलांना जिभेने चाखायला दिले. खाडीच्या पाण्याची अवस्था पाहता भिंगातून स्फटिक दाखवले असते तरी चालले असते. ओहोटीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी ही मासळी मुलांना विशेष आवडली. वर्गातल्या एका कोळी कुटुंबातील मुलाने ती घरी खातात असे सांगून सगळ्यांना अवाक केले, आणि ओलसर कातडीतून व तोंडात साठवलेल्या पाण्यातून तिला हवेतही श्वास घेता येतो, हे त्याला आधीच माहीत होते.

जंगलाचा तास मात्र फसला. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान बोरिवलीला असताना मुलांना पडद्यावर ॲमेझॉन दाखवले, आणि वस्तीच्या कडेला भटक्या कुत्र्यांवर जगणारा बिबट्या दोन वाक्यांत उरकला. पाऊस संपल्यावर जमिनीखाली जाऊन कोरडे महिने काढणारे आपले बेडूक म्हणजे ग्रीष्मनिद्रेचे घरचे उदाहरण, त्यांचा तर उल्लेखही झाला नाही.

हीच तक्रार वाळवंटाच्या तासांविषयीही आहे. नामिब आणि सहारा आले, थरचे वाळवंट जवळजवळ आलेच नाही. झाडपाल्यातून आणि दवातून पाण्याची गरज बरीचशी भागवणारा चिंकारा, बिळाचे तोंड आतून मातीने बुजवून घेणारा सांडा हा सरडा, तिवरे खाण्यासाठी खाडी पोहून जाणारा कच्छचा खराई उंट, ही पाने वहीत असायला हवी होती. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ आणि तेथला माळढोक यांच्याविषयी मुंबईच्या मुलांना कधीतरी कोणीतरी सांगायलाच हवे, आणि हा वर्ग ते नीट सांगू शकेल.

शुल्क उपनगरातील महिनाभराच्या पोहण्याच्या वर्गाइतके आहे आणि त्यात दोन्ही फेऱ्यांचा बसखर्च धरलेला आहे, त्यामुळे ते जास्त वाटत नाही. शिकवणे मराठीत होते, छापील पाने मात्र इंग्रजीत आहेत, आणि मराठी शाळेतल्या मुलांना त्यासाठी पालकांची मदत घ्यावी लागते. आठ वर्षांखालील भावंडांना बरोबर पाठवू नये, कारण गणिते सुरू झाली की ती कंटाळतात. दहा-अकराच्या मुलांना हा वर्ग सर्वाधिक मानवतो. नाव नोंदवताना राणीच्या बागेची फेरी कोणत्या वारी आहे ते विचारावे, आणि ऐरोलीला जाताना मुलांना जुनी चप्पल व कपड्यांचा जादा जोड द्यावा.