मेंदी + इंडिगो: दिवाळीपासून घरीच केस रंगवतेय, त्याचा अनुभव

आधीच सांगते, मी जी मेंदी म्हणतेय ती झटपट काळी होणारी पाकिटातली मेंदी नाही. साधी हिरवी मेंदी पावडर आणि त्यानंतर इंडिगो म्हणजे निळीच्या पानांची पावडर, दोन्ही वेगवेगळ्या आणायच्या आणि घरीच लावायच्या. गेल्या दिवाळीच्या आधी सुरू केलं, आता आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया होऊन पाऊस पण लागला, म्हणजे थंडी, ऊन आणि दमट हवा तिन्ही बघून झालंय म्हणून लिहायला बसले. मेंदीबद्दल जिथे बघावं तिथे "रात्रभर भिजत ठेवा" एवढंच असतं, पण जळगावला मे महिन्यात रात्रभर भिजवलेल्या मेंदीचं काय होतं ते कोणी लिहीत नाही.

माझे केस खांद्याच्या खालपर्यंत, जाड, पांढरे भांगात आणि कानशिलाला जास्त. आधी पार्लरमध्ये जाऊन रूट्स करून यायचे. ते बंद करायला कारण झालं जाऊबाईंचं. त्यांनी लग्नाच्या गडबडीत एक झटपट काळ्या मेंदीचं पाकीट आणून लावलं आणि दुसऱ्या दिवशी कानामागे, कपाळावर सूज, पापण्या एवढ्या फुगल्या की डोळे उघडेनात. डॉक्टरांनी पाकीटच मागवलं. समोर मोठ्ठं मेंदीचं पान छापलेलं आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरात पीपीडी. पॅराफेनिलीनडायमाइन त्याचं पूर्ण नाव, नेहमीच्या काळ्या हेअर डायमध्ये असतं तेच. एकदा अ‍ॅलर्जी झाली की पुढच्या वेळी थोडं लागलं तरी जास्त भडकते, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून घ्या, नुसत्या मेंदीने केस काळे होतच नाहीत. मेंदीचा रंग लाल-केशरी, पांढऱ्या केसावर तर भडक केशरीच. अर्ध्या तासात काळे करून देणारी मेंदी म्हणजे आत दुसरं काहीतरी आहे, मागची बाजू वाचा. आणि साधी मेंदी-इंडिगो असली तरी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा, इंडिगो पण कोणाकोणाला खाजतं.

पावडर मी सोजतची घेते. राजस्थानात पाली जिल्ह्यात सोजत आहे, तिथल्या मेंदीला 2021 मध्ये जीआय टॅग पण मिळाला. आता सोजत लिहिलेलं प्रत्येक पाकीट तिथलंच असतं असं मी म्हणणार नाही, म्हणून चिमूटभर पावडर काचेच्या ग्लासात पाण्यावर टाकून बघते. पाणी लगेच पोपटी हिरवं झालं तर वरून रंग घातलाय, चांगल्या पावडरचं पाणी मळकट पिवळसर-तपकिरी होत जातं आणि तळाला रेती बसत नाही. काष्ठौषधीच्या दुकानात सुटी मिळते ती स्वस्त आहे पण त्यात काड्या आणि रेती इतकी की धुताना डोकं खरवडून निघतं. मलमलच्या कापडातून चाळलेली बारीक पावडर घ्या, दहा-वीस रुपये जास्त गेले तरी चालेल.

आता भिजवण्याचं. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचा रंग असतो, तो पाण्यात आणि थोड्या आंबटात हळूहळू सुटतो आणि केसातल्या केराटिनला चिकटून बसतो. सुटायला किती वेळ लागणार ते सगळं हवेच्या उष्णतेवर आहे. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे रात्री चांगलाच गारठा असतो, तेव्हा रात्री भिजवलेली मेंदी सकाळी बघितली तरी हिरवीच, वरचा थर जेमतेम तपकिरी. तेव्हा मी भांडं उबदार जागी ठेवायचे, गॅसच्या बाजूला, आणि दुपारपर्यंत थांबायचे. आणि मे महिन्यात पारा 44-45 ला गेल्यावर? सकाळी नऊला भिजवली, अकराला वरचा थर गडद तपकिरी आणि खाली हिरवा, म्हणजे तयार. तीच रात्रभर ठेवली तर सकाळपर्यंत जोर गेलेला असतो, रंग फिका चढतो, आंबूस वास येतो तो वेगळाच. तेव्हा घड्याळ बघू नका, मेंदी बघा. थोडी तळहातावर लावायची, पाच मिनिटांनी पुसायची, केशरी डाग दिसला की डोक्याला लावायला घ्यायची.

लोखंडी कढईबद्दल पण बोलते कारण त्यावर घराघरात भांडणं आहेत. आमच्या जिजी म्हणजे सासूबाई, अमळनेरकडच्या, त्यांच्या मते कढई नाही तर मेंदीच नाही. लोखंडाने रंग गडद होतो हे खरं आहे, विशेषतः चहा किंवा आवळा असेल तर, पण वरून इंडिगो लावणार असाल तर तो फरक डोळ्याला दिसत नाही. मी स्टीलच्या पातेल्यात भिजवते, जिजींच्या समाधानाला आवळा पावडर टाकते. आवळ्याचा फायदा मला दिसला, लाली जरा दबते आणि केस लिंबाइतके कोरडे होत नाहीत. दही, अंडं मात्र घालूच नका. त्याने केस मऊ होतात म्हणतात पण रंग प्रथिनाला चिकटतो, मग तो तुमच्या केसाऐवजी दह्यालाच चिकटून बसणार ना. तेल तर त्या दिवशी अजिबात नको. आपल्याकडे डोक्याला तेल नाही म्हणजे घरात काहीतरी झालंय असं वाटतं लोकांना, पण तेलकट केसावर मेंदी धरतच नाही, आदल्या दिवशी शाम्पू करून कोरडे ठेवा.

लावायची पद्धत सगळ्यांना माहितीये, हातमोजे, जुनी साडी खांद्यावर, कपाळाला आणि कानाच्या पाळीला खोबरेल किंवा व्हॅसलीन. मी एवढंच सांगेन की ब्रशने नाही हाताने लावा, मुळाशी बोटाने थापून, आणि कानशिलाचे केस सगळ्यात आधी, कारण तिथले पांढरे फार चिवट असतात, त्यांना वेळ जास्त मिळायला पाहिजे. उन्हाळ्यात पंख्याखाली बसलात तर मेंदी अर्ध्या तासात पापडासारखी कडक होते आणि सुकलेली मेंदी रंग देत नाही, म्हणून वरून प्लॅस्टिकची टोपी लागतेच. थंडीत डोकं जड होतं, ज्यांना सायनस आहे त्यांनी जानेवारीत हा उद्योग करूच नये किंवा दुपारी ऊन असताना करावा. मी मेंदी तीन तास ठेवते.

मेंदी धुतल्यावर इंडिगो. आणि इथे सगळा खेळ उलटा आहे. इंडिगो आधी भिजवून ठेवायचा नाही. कोमट पाणी, चिमूटभर मीठ, गाठी मोडून दह्याइतपत सैल करायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि लगेच लावायचं. लिंबू बिंबू काही नाही. वरच्या थरावर निळसर-जांभळी झाक आली की तयार, तासभर ठेवला तर मेला समजा. वास ओल्या गवताचा, ज्यांना सहन होत नाही त्यांनी खिडकी उघडा. मी दीड तास ठेवते, तपकिरी हवा असेल तर अर्धा-पाऊण तास पुरतो. मेंदीशिवाय नुसता इंडिगो पांढऱ्या केसावर लावू नका, निळसर हिरवट दिसतो, आमच्या शेजारच्या काकूंचं ते बघितलंय.

पहिल्यांदा इंडिगो धुतल्यावर आरशात केस हिरवट काळे दिसतात, घाबरू नका. हवा लागेल तसा रंग उतरतो, म्हणजे चढतो, दोन दिवसांनी खरा रंग दिसतो. तोपर्यंत शाम्पू नाही. उशीला जुना टॉवेल टाका, निळा डाग जात नाही. मेंदी आणि इंडिगो एका दिवसात होत नसेल तर आज मेंदी उद्या इंडिगो असं पण चालतं, फक्त मधल्या दिवसात बाहेर जायचं काम काढू नका. आखाजीला पाहुणे यायचे होते आणि मला मध्ये एक दिवस थांबावं लागलं, तर सकाळी सकाळी जिजी दारातून, "तुनं डोकं ते लाल व्हई गयं वं माय!" आणि झोक्यावर बसलेल्या सगळ्या पोरी हसायला.

पाण्याचा प्रश्न मोठा आहे. आमच्याकडे नळ रोज येत नाही आणि बोअरचं पाणी इतकं जड की साबणाला फेस येत नाही. मेंदी धुवायला नळाखाली उभं राहिलं तर टाकी रिकामी. मी असं करते, एका बादलीत पाणी घेऊन केस त्यात पूर्ण बुडवून बोटांनी हलवायचे, अर्धी मेंदी त्यातच सुटते. मग ओल्या केसाला स्वस्तातलं कंडिशनर मूठभर चोपडायचं, पाच मिनिटांनी रेती-काड्यांसकट सगळं घसरून येतं. तिसऱ्या बादलीला पाणी बऱ्यापैकी स्वच्छ. शेवटचा तांब्या पिण्याच्या फिल्टरच्या पाण्याचा, कारण नुसत्या बोअरवर धुतलं तर माझे केस राठ राहतात आणि रंग मळकट दिसतो. फरशी लगेच धुवा, पांढऱ्या टाइल्सच्या फटीत बसलेला केशरी रंग माझ्याकडे अजून आहे.

आता इतक्या महिन्यांनी काय वाटतं. भांगातले केस जवळजवळ काळे, उन्हात बघितलं तर गडद तपकिरी, सावलीत काळे. कानशिलाचे अजूनही थोडे ताम्रट राहतात आणि मला ते आता आवडायला लागलेत. इंडिगो मेंदीपेक्षा लवकर निघतो, म्हणून तीनेक आठवड्यांनी लाली वर यायला लागते, त्यात खूप स्ट्राँग शाम्पू वापरला तर अजून लवकर. केस जाड वाटतात, चमक छान आहे, गळणं कमी झालं असं मात्र मी म्हणणार नाही, तेवढेच गळतात. माझ्या केसाला खाली हलकी कर्ल होती ती सैल झाली, कुरळ्या केसवाल्यांनी विचार करून लावा. पहिले दोन दिवस कोरडेपणा येतो, तिसऱ्या दिवशी तेल लावलं की जातो. आता दर वेळी सगळ्या केसांना लावत नाही, फक्त मुळांना, नाहीतर टोकं काळीकुट्ट होत जातात आणि मेंदी उतरवायचा सोपा उपाय नाही, वाढवून कापणे एवढाच.

खर्च पार्लरच्या पाव भागात होतो, पण अख्खा रविवार जातो. नोकरी, लहान पोरं आणि घरात मदतीला कोणी नाही अशी परिस्थिती असेल तर मी आग्रह करणार नाही. लग्न तीन दिवसांवर आलंय आणि आज पहिल्यांदा लावून बघू, असं तर कोणीच करू नये. तान्ह्या बाळांच्या हातापायाला हौसेने मेंदी लावतात ते पण टाळा, जी-सिक्स-पीडी नावाची कमतरता असलेल्या मुलांना मेंदीने रक्तातल्या लाल पेशी फुटायचा त्रास होऊ शकतो.

एक कामाची गोष्ट राहिली. भिजवलेली मेंदी उरली तर फेकू नका, रंग सुटल्यावर डब्यात भरून फ्रीजरला टाका, पुढच्या वेळी बाहेर काढून वितळली की लगेच लावता येते, मुळांपुरती असेल तर एका खेपेचं भागतं. इंडिगोला हे चालत नाही, तो लागेल तेवढाच कालवा. आणि डब्यावर मोठ्या अक्षरात मेंदी लिहून ठेवा, आमच्याकडे साहेबांनी पालकाची पेस्ट समजून कढईत तेल तापवून ठेवलं होतं.