आयफोनचं 'मेजर' ॲप: सोफा मावेल का, एवढं विचारा, प्लाय कापू नका

आयफोनमधलं 'मेजर' ॲप 2018 साली आयओएस 12 बरोबर आलं. समोरच्या वस्तूवर एक टिंब ठेवायचं, फोन सरकवत दुसऱ्या टोकाला न्यायचा, दुसरं टिंब ठेवलं की मधलं अंतर दिसतं. सोफा मावेल का, रंगासाठी भिंत साधारण किती चौरस फूट, हे ठरवायला उत्तम. फर्निचरच्या मापासाठी नाही.

साधा आयफोन अंतर थेट मोजत नाही. कॅमेऱ्याला दिसणाऱ्या खुणा आणि फोन किती हलला याची सेन्सरची नोंद, यांचा मेळ घालून तो हिशेब करतो. कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर पकडायला खूणच नसते, म्हणून टिंब घसरतं. तिथे वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवला आणि दिवे लावले की फरक पडतो. आरसा, काच आणि चकचकीत फरशी यांवर तोही उपाय चालत नाही. 2020 च्या 12 प्रोपासून प्रो मॉडेलमध्ये लायडार, म्हणजे प्रकाश सोडून अंतर मोजणारा सेन्सर आहे. तो सुमारे 5 मीटरपर्यंत चालतो, कमी उजेडात आणि कोऱ्या भिंतीवर खूपच सावरून घेतो. आरशापुढे मात्र तोही फसतो.

सगळ्यात जास्त चूक कडेला होते. ओट्याची लांबी घेताना टिंब कडेच्या केसभर बाहेर पडलं, तर ते ओट्यावर न बसता मागच्या भिंतीवर किंवा खाली जमिनीवर जाऊन बसतं आणि माप एकदम फुगतं. म्हणून टिंब ठेवल्यावर दोन पावलं बाजूला सरकून बघा: ते कडेलाच दिसलं तर बरोबर, हललं तर पुसून पुन्हा ठेवा.

सुरुवातीलाच एक पडताळणी करा. 2 बाय 2 फुटांच्या सलग पाच फरश्या म्हणजे साधारण 3 मीटर. ॲप तिथेच 4-5 सेंटिमीटर चुकत असेल, तर बंद करून पुन्हा उघडा आणि फोन आणखी सावकाश फिरवा.

कोनाड्यात कपाट बसवायचं असेल तर टेपच काढा. भिंती क्वचितच गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात असतात. खाली स्कर्टिंगपाशी, मध्ये आणि वर अशी तीन मापं घ्या आणि सर्वांत लहान माप मिस्त्रीला द्या.