घरी येणारी पॅलिएटिव्ह सेवा : आठ आठवड्यांचा अनुभव

वडिलांच्या अखेरच्या आठ आठवड्यांत आम्ही पुण्यातील एका खासगी संस्थेची, घरी येऊन पॅलिएटिव्ह, म्हणजे आजार बरा करण्याऐवजी त्रास कमी करणारे, उपचार देणारी सेवा घेतली. पुढे तक्रारही नोंदवायची असल्यामुळे संस्थेचे नाव देत नाही. अण्णा ८६ वर्षांचे होते, प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरला होता आणि आता रुग्णालयात जायचे नाही, हे त्यांनी स्वतःच ठरवले होते.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी फाइल बाजूला ठेवली, पलंगाशी खुर्ची ओढली आणि अण्णांनाच विचारले, "सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" तोवर हा प्रश्न आम्ही एकमेकांना विचारत होतो. अण्णा म्हणाले, "रात्रीचा. आणि ही मंडळी माझ्यासमोर उगाच हसतात, त्याचा."

रात्रीचा त्रास मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाने आटोक्यात आला. दर चार तासांनी गोळी, झोपताना दुप्पट मात्रा म्हणजे मध्यरात्री उठवावे लागत नाही, आणि बद्धकोष्ठ होणारच हे गृहीत धरून पहिल्याच दिवसापासून रेचक, अशी आखणी परिचारिकेने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिली. मॉर्फिन रुग्णांना सहज मिळावे म्हणून २०१४ साली अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती होऊनही हे औषध गल्लीतल्या दुकानात मिळत नाही. ते संस्थेमार्फत मिळाले, हीच या सेवेची मोठी जमेची बाजू. 'मॉर्फिन म्हणजे शेवट' ही आमची समजूत मात्र अण्णा तिसऱ्या दिवशी पुन्हा वर्तमानपत्र मागू लागले तेव्हाच सुटली.

अन्न सुटल्यावर ताई वाटी घेऊन तासन्‌तास बसे. "भूक त्यांना नाही, भरवायची गरज तुम्हाला आहे," असे परिचारिका तिला म्हणाली. त्या वेळी हे कठोर वाटले, पण त्यानंतर ताई ओल्या कापसाने त्यांचे ओठ भिजवत नुसती जवळ बसू लागली.

लिव्हिंग विलचा, म्हणजे पुढे कोणते उपचार नकोत हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवण्याचा, विषयही डॉक्टरांनीच काढला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला २०१८ साली मान्यता दिली तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागत असे; २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. अण्णा निवृत्त शिक्षक. मसुद्यातील शुद्धलेखनाच्या दोन चुका सुधारल्यावरच त्यांनी सही केली.

आता तक्रार. 'चोवीस तास मदत' असे माहितीपत्रकात छापलेले असताना, अण्णांच्या घशात घरघर सुरू झाली त्या रात्री अडीच वाजता फोन तीनदा वाजून बंद झाला, आणि चौथ्या वेळी 'सकाळी बोला' एवढेच उत्तर मिळाले. ही घरघर ऐकणाऱ्याला जेवढी भयंकर वाटते तेवढी रुग्णाला जाणवत नसते, हे आधी सांगितले असते तरी पुष्कळ होते. भावाने रुग्णवाहिकेचा क्रमांक लावायला घेतला; कपाटावर चिकटवलेल्या लिव्हिंग विलवरची अण्णांची सही पाहून त्याने फोन खाली ठेवला. महिन्याचे पैसे आगाऊ घेणाऱ्या संस्थेकडून असे होणे अक्षम्य आहे.

अण्णा पहाटे गेले. डॉक्टर मात्र सहा वाजताच आले आणि मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र तिथेच भरून दिले. घरी मृत्यू झाल्यावर त्यासाठी ऐनवेळी करावी लागणारी धावपळ वाचली. पाठोपाठ आलेल्या परिचारिकेने मॉर्फिनच्या उरलेल्या अकरा गोळ्या मोजल्या आणि वहीत माझी सही घेऊन परत नेल्या.