राउटरचा मिनी यूपीएस: आंजर्ल्याच्या बाजूला चौदा महिने वापरून झाल्यावर

गेल्या वर्षी मे महिन्यात, मृग लागायच्या आधी, राउटरसाठी मिनी यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर राउटर चालू ठेवणारी छोटी बॅटरीची डबी, घेतला. आता चौदा महिने झाले, एक अख्खा पावसाळा, हस्ताच्या विजा, उन्हाळा आणि पुन्हा हा पावसाळा असं सगळं त्याने बघितलंय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव देत नाहीये कारण दापोलीत काय नि ऑनलाइन काय, या डब्या आतून सगळ्या जवळपास सारख्याच असतात आणि मला जे सांगायचंय ते कुठल्याही डबीला लागू आहे. मला साधारण 1700 रुपयांना पडली.

आधी हे का घेतलं ते सांगतो, कारण घरी इन्व्हर्टर आहे, मोठी ट्यूब्युलर बॅटरी आहे, मग वेगळा यूपीएस कशाला असं बाबांनी पण विचारलं होतं. मी सर्व्हर सपोर्टचं काम करतो, टीम पुण्यात, क्लायंट अमेरिकेत, त्यामुळे माझी शिफ्ट संध्याकाळी चालू होते आणि आमच्याकडे पावसाळ्यात नेमकी त्याच वेळेला लाईट खेळते. लाईट गेली की इन्व्हर्टर घेतो, पंखा हलत पण नाही, पण मधे एक डोळ्याला न दिसणारा गॅप असतो. साध्या मोडला तो 30-40 मिलीसेकंदांपर्यंत जातो आणि भिंतीवरचा फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी, तेवढ्यात रीस्टार्ट होतो. मग तो उठायला दोन-तीन मिनिटं, व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी असलेली सुरक्षित जोडणी) पडलेलं, परत ओटीपी, आणि तिकडे कुणाचा तरी सर्व्हर डाउन असतो आणि सगळे कॉलवर माझी वाट बघतायत. एका संध्याकाळी हे सहा वेळा झालं.

इन्व्हर्टरला मागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते करून बघितलं. गॅप कमी झाला, रीस्टार्ट थांबले, मी खूश. पण त्या मोडमध्ये व्होल्टेज साधारण 180 च्या खाली गेलं की इन्व्हर्टर लाईट गेली असं समजून बॅटरीवर जातो, आणि आमच्या वाडीत संध्याकाळी सगळ्यांचे पंप चालू झाले की व्होल्टेज 165-170 ला येतं. म्हणजे लाईट असून घर बॅटरीवर, बॅटरी चार्जच होत नाही, आणि रात्री खरंच लाईट गेली की दीड तासात सगळं घर अंधारात. आईचा मिक्सर नि पंखे माझ्या व्हीपीएनसाठी बंद पडणं काही बरोबर नाही, म्हणून मोड परत साधा केला आणि फक्त ओएनटी आणि राउटर या दोघांना वेगळी बॅटरी द्यायची ठरवलं.

मिनी यूपीएस म्हणजे काय तर लिथियमचे सेल असलेली छोटी डबी, अ‍ॅडॅप्टर आणि राउटर यांच्या मधे बसते, थेट 12 व्होल्ट डीसी देते, त्यामुळे लाईट गेल्याचं राउटरला कळतच नाही. माझ्या डबीवर 8800 एमएएच लिहिलंय. हा आकडा बघून फसू नका, तो सेलच्या 3.7 व्होल्टवरचा असतो, 12 वरचा नाही. गुणाकार केला की 32 वॅट-तास येतात, त्यातले थोडे व्होल्टेज वाढवण्यात जातात. माझे ओएनटी आणि राउटर मिळून 8-साडेआठ वॅट खातात, म्हणजे तीन-सव्वातीन तास मिळायला हवेत, आणि नवीन असताना 3 तास 10 मिनिटं मिळाले. गेल्या आठवड्यात पुन्हा मोजलं तर 2 तास 20 मिनिटं. एवढी घट जरा जास्तच वाटली, मला वाटतं ती माझ्या जागेमुळे आहे, पहिले काही महिने डबी मी ओएनटीच्या डोक्यावर ठेवली होती आणि ओएनटी चांगला तापतो. लिथियमला उष्णता सोसत नाही. आता वेगळ्या फळीवर ठेवलीय.

आणि खरी गंमत फायबरची आहे. वाडीची लाईट गेली की मोबाइलचा टॉवर बॅटरी संपेपर्यंतच चालतो, पण फायबरची खांबावरची स्प्लिटरची (एका फायबरचे फाटे करणारी) पेटी असते तिला वीजच लागत नाही, आत नुसती काच. प्रोव्हायडरच्या ऑफिसात बॅकअप आहे आणि तुमच्या घरातला डबा चालू आहे, बस, नेट चालू. वाडी अंधारात आणि मी पडवीत बसून कॉलवर, असं या वर्षी कितीतरी वेळा झालंय. खांबच पडले तर मात्र काहीच उपयोग नाही, 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या दापोली-मंडणगडकडे जे झालं त्यापुढे असल्या डब्यांचं काय चालणार.

आता त्रास झाला तो. ऑगस्टपासून नेट मधेच पडायला लागलं. दिवसातून चार-पाच वेळा, लाईट असताना. मी सरळ लाइनवर संशय घेतला, कारण फायबर माडांच्या मधून येतं, झावळ्या पडतात, खारी कुरतडतात, आधी दोनदा झालंय. तक्रार केली. लाइनवाला मुलगा भर पावसात गाडीवरून आला, मीटर लावला, उणे 21 डीबीएम (फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाच्या ताकदीचं माप). "दादा, लाइन एकदम मस्त आहे तुमची," म्हणाला. उणे 27 च्या खाली गेलं तर रडायचं, उणे 21 म्हणजे खरंच काही नाही. तो गेला आणि अर्ध्या तासात परत पडलं.

तेव्हा मी जे ऑफिसात पहिल्या पाच मिनिटांत केलं असतं ते घरी केलं. तीन खिडक्या उघडल्या, एकात राउटरला पिंग (म्हणजे 'आहेस ना?' असं सतत विचारत राहणं), दुसऱ्यात ओएनटीला, तिसऱ्यात बाहेर गूगलच्या 8.8.8.8 ला, आणि चालू ठेवून काम करत बसलो. पडलं तेव्हा राउटरचं पिंग चालू, ओएनटी आणि बाहेरचं दोन्ही एकदम बंद. लाइन खराब असती तर ओएनटीने उत्तर दिलं असतं, फक्त बाहेरचं बंद पडलं असतं. मग दोघांच्या सेटिंगच्या पानावर जाऊन अपटाइम, म्हणजे सलग किती वेळ चालू आहे ते, बघितलं, राउटर 9 दिवस, ओएनटी 14 मिनिटं. म्हणजे डबा स्वतःच बंद होऊन चालू होतोय. आणि तो कधी होतो हे आईने सांगितलं, "अरे, वाऱ्याने पडवीचं दार आपटतं ना, तेव्हा तुझी ती हिरवी लाईट जाते." ओएनटी त्याच भिंतीवर आहे.

पिन ढिली होती. या गोल पिनेत बाहेरचा व्यास दोन्हींचा 5.5 मिलिमीटर, पण आतलं भोक 2.1 किंवा 2.5 असतं. यूपीएससोबत आलेली वायर 2.5 ची, ओएनटीचा जॅक 2.1 चा. बसते बरोबर, लाईट पण लागते, पण आत नुसती टेकलेली असते आणि भिंत हादरली की सुटते. दापोलीला जाऊन 2.1 ची वायर आणली, 40 रुपये, त्या दिवसापासून एकदाही नाही. त्या मुलाला फोन करून सांगितलं आणि सॉरी म्हणालो, त्याचा अर्धा दिवस माझ्या पिनेपायी गेला होता.

तुम्ही घेणार असाल तर पिन आधी बघाच, आणि मल्टिमीटर असेल तर आतला बिंदू प्लस आहे ना तेही बघा, आणि 9 व्होल्टचा राउटर 12 च्या भोकात लावू नका, डबीवर दोन्ही शेजारी शेजारी असतात.

ऑक्टोबरचं पण सांगायला हवं. आमच्याकडे जून-जुलैत पाऊस कोसळतो पण विजा कमी, विजांचा खरा धोका वळवाला आणि हस्ताला. एका संध्याकाळी मागच्या माडावर वीज पडली, माझ्या राउटरचा एक पोर्ट आणि काकांच्या घरातला छोटा नेटवर्क स्विच गेला. काका म्हणाले, "यूपीएस होता ना रे तुझा?" होता, आणि तो आणि ओएनटी दोन्ही शाबूत राहिले. पण माझ्या घरातून त्यांच्याकडे खळ्यावरून 35 मीटर लॅनची तांब्याची केबल नेली होती, आणि जवळ वीज पडली की एवढ्या लांब तांब्यात आपोआप करंट उठतो. मिनी यूपीएस हे काही वीजरोधक नाही, तसं कुणी विकत असेल तर ऐकू नका. आता तिथे फायबर टाकलंय, आत स्टीलच्या तारेऐवजी वीज न वाहणारी एफआरपीची (काचतंतू-प्लास्टिकची) काडी असलेलं, दोन्हीकडे मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि लॅन जोडणारे छोटे डबे. आणि गडगडायला लागलं की यूपीएसचा अ‍ॅडॅप्टर सॉकेटमधून काढून ठेवतो, बॅटरीवर दोन-अडीच तास चालतंच, हा फायदा डबी घेताना माझ्या डोक्यातही नव्हता. अर्थिंगचा खड्डा पण नवीन केला, जांभ्यात पाणी टिकत नाही त्यामुळे उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतत राहावं लागतं, नाहीतर स्पाइक गार्ड असून नसल्यासारखा.

खारी हवा हा शेवटचा मुद्दा. आठ महिन्यांत पिना काळ्या पडल्या आणि लॅनच्या टोकांवर हिरवं चढलं. दर दोन महिन्यांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो, पाच मिनिटांचं काम आहे.

पाचपैकी चार देईन. एक गुण त्या चुकीच्या वायरीसाठी कापला, कंपनीला दोन मापांच्या वायरी डबीत टाकायला काय जातं. सेल अजून दीड-दोन वर्षं काढतील असं वाटतंय. काकांसाठी परवा तसलीच दुसरी मागवली, सोबत 2.1 ची वायर वेगळी.