अर्धवेळ पगार की पूर्णवेळ मजकुराची कामं : सोलापुरातून लिहिणाऱ्यासाठी

कथा-कादंबरी लिहायची आहे, पण पोटासाठी काय करू, असं अलीकडे बरेच तरुण विचारतात. पुस्तकांवर घर चालत नाही हे त्यांनाही ठाऊक असतं. अडीचशे रुपयांचं पुस्तक, दहा टक्के रॉयल्टी, पाचशेची आवृत्ती : सगळी खपली तरी हाती १२,५०० रुपये, आणि खपायला वर्षं लागतात. तेव्हा खरी निवड उरते दोन वाटांत. एक, पूर्णवेळ मुक्त काम : अनुवाद, जाहिरातीचा मजकूर, संस्थांच्या स्मरणिका, कुणाच्या आत्मचरित्राचं शब्दांकन. दुसरी, लेखनाशी काही संबंध नसलेली अर्ध्या दिवसाची नोकरी आणि उरलेला दिवस आपल्या लिखाणाला. मी आधी काही वर्षं पहिली वाट चाललो, आता दुसऱ्या वाटेवर आहे.

पुण्याला जावं का, हा तिसरा प्रश्न सोबत येतोच. माझ्या मते त्याची घाई नको. प्रकाशकाला भेटायचं असेल तर हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी निघून रात्री घरी परत येता येतं, आणि तिथलं घरभाडं इथल्या दोन खोल्यांच्या भाड्याशी ताडून पाहिलं की उरलेला विचार आपोआप होतो. त्र्यं. वि. सरदेशमुख सोलापुरात राहूनच लिहीत होते. साहित्य अकादमीचा २००३ सालचा पुरस्कार त्यांना इथेच शोधत आला.

मुक्त कामानं मला पुष्कळ दिलं, हे आधी सांगतो. ठरल्या वेळेत, ठरल्या शब्दांत लिहायची सवय त्यातूनच लागली. शब्दांकनासाठी एका निवृत्त गिरणी कामगाराच्या घरी बसत होतो. साच्यांच्या, म्हणजे गिरणीतल्या मागांच्या, आवाजात दोन माणसं ओठांच्या हालचालीवरून कशी बोलत, हे त्यांनी मला करून दाखवलं. हे कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. शिवाय सोलापूरकराला एक जादा बाजू आहे. इथे मराठीच्या शेजारी कन्नड, तेलुगू, उर्दू रोज कानावर पडतात. घरात कन्नड आणि शाळेत मराठी असं वाढलेल्या माणसाला दोन्ही भाषांतलं अनुवादाचं काम चांगलं जमतं, आणि असा माणूस शोधणारे लोक आहेत. पैशाच्या आकड्याकडे पाहिलं तर बऱ्या महिन्यात मुक्त काम अर्धवेळ पगाराच्या पुढेच जातं. निदान माझं जात होतं.

मग सोडलं का? वसुलीपायी.

मजकूर पाठवला की थोड्या वेळात ‘छान झालंय सर’ असा निरोप येतो. बिल पाठवलं की निळ्या खुणा दिसतात आणि पुढे काही नाही. आठवड्यानं आपण विचारतो. साहेब गावाला गेलेत. अकाउंटवाला रजेवर आहे. डिसेंबरात विचारलं तर ‘गड्डा (जानेवारीतली सिद्धेश्वराची यात्रा) होऊ द्या, मग बघू’, आणि फेब्रुवारीत विचारलं तर ‘मार्च एंडचं चाललंय’. एका संस्थेच्या स्मरणिकेचं काम मी वेळेत दिलं. समारंभ झाला, मला शाल-श्रीफळही मिळालं, पण मानधन पुढच्या पावसाळ्यात आलं. ते बुडालं नाही. बहुतेकांचे पैसे शेवटी येतात, लोक वाईट नसतात.

पण त्या वाट पाहण्याची किंमत पैशात मोजता येत नाही. सकाळी कथा उघडून बसावं. पात्र दारात उभं आहे, आता ते आत येऊन काय बोलेल, एवढ्यावर सगळं अडलेलं. आणि डोक्यात वाक्य जुळतं ते असं : ‘सर, आठवण करून द्यायला संकोच वाटतो, पण मागच्या बिलाचं…’ ते लाचार वाटू नये, उर्मटही वाटू नये, पुढचं काम हातचं जाऊ नये. म्हणून ‘संकोच’ काढायचा, ‘कृपया’ घालायचं, पुन्हा काढायचं. त्या दोन ओळींना माझी सगळ्यात चांगली वेळ आणि सगळ्यात सावध भाषा जात होती. कथेला उरत होतं ते शिळं.

यावर कायदा आहे. उद्यम नोंदणी (लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी) केलेल्या पुरवठादाराचं बिल २००६ च्या एमएसएमई, म्हणजे लहान उद्योगांच्या, कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं, आणि उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. शब्दांचं काम करणारा माणूसही सेवा पुरवणारा म्हणून ही नोंदणी करू शकतो, ती फुकट आहे, आणि मी तर म्हणेन कराच. मुंबई-दिल्लीच्या कंपनीशी व्यवहार असेल तर बिलावर नोंदणी क्रमांक असण्याचा उपयोग होतो. पण ज्यांच्या घरच्या लग्नाला आपण जेवलो, जे नवी पेठेत रोज समोर येतात, त्यांच्याविरुद्ध तक्रार कोण करणार? गाव आपलं असण्याची ही दुसरी बाजू आहे.

आता मी दुपारी बारापासून संध्याकाळपर्यंत एका टॉवेलच्या व्यापाऱ्याकडे बसतो. ऑर्डरीचे कागद लावायचे : किती डझन, कुठला साइज, किती जीएसएम (म्हणजे कापडाचं वजन), काठाचा रंग कोणता. रंगाईला सूत कधी गेलं आणि माल ट्रान्सपोर्टला कधी लागला, ते बघायचं. बिलं करायची. पगार मोठा नाही. पण ठरल्या तारखेला तो खात्यात असतो आणि त्याबद्दल मला एक वाक्यही लिहावं लागत नाही. या कामात भाषा खर्च होत नाही, हे तर मला फार मोलाचं वाटतं. नळाला पाणी यायचा दिवस सोडला, तर सकाळ पूर्ण माझी.

आणखी एक फरक हळूहळू कळला. पगार येत असला की प्रकाशकाचा करार शांतपणे वाचता येतो. करारात हक्क देण्याची मुदत लिहिली नसेल तर कॉपीराइट कायद्याप्रमाणे ती पाच वर्षं धरतात. म्हणूनच कित्येक करारांत ‘कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षंसुद्धा. पैशाची निकड असताना अशा कागदावर सही करायला हात पटकन पुढे होतो. निकड नसली की ‘एवढी ओळ बदला’ असं म्हणता येतं, आणि पुष्कळदा ती बदलतेही.

अर्धवेळ नोकरीच्या अडचणी आहेतच. दिवाळीच्या आधीचे आठवडे, लग्नसराई आणि मार्च, या काळात अर्धवेळ पूर्णवेळ होऊन जातो. लहान ठिकाणी पीएफ नसतो, आरोग्य विमा आपला आपल्यालाच काढावा लागतो. दुपारच्या साहित्यिक कार्यक्रमांना जाता येत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात भर दुपारी कामावर निघणं जिवावर येतं. आणि लेखक म्हणून ओळख करून देताना समोरचा ‘पण काम काय करता?’ विचारतो, त्याची सवय करावी लागते.

तेव्हा कुणी काय घ्यावं? घरात दुसरा पगार असेल, महिन्याला ठराविक रक्कम देणारं एक तरी पक्कं गिऱ्हाईक असेल, किंवा तुमचं स्वतःचं लेखनच अनुवादाचं असेल, तर मुक्त काम जरूर करा. पैसे मागताना ज्याच्या मनावर ओरखडा उठत नाही अशी माणसंही मी पाहिली आहेत, त्यांना माझं म्हणणं लागू नाही. पण कथा-कादंबरी हाच ध्यास असेल आणि न आलेल्या पैशाचा विचार रात्री तुमच्या उशाशी येऊन बसत असेल, तर पतपेढी, सीएचं ऑफिस, क्लास, कापडाचं दुकान, कुठेही अर्धा दिवस शोधा. पगाराच्या आधी वेळ ठरवा. सकाळ मागून घ्या, आणि मार्च-दिवाळीच्या जादा तासांच्या बदल्यात पावसाळ्यात सलग सुटी मिळेल का, हे पहिल्याच दिवशी विचारा. माझ्या मालकांनी हो म्हटलं होतं, आणि नव्या कादंबरीचा पहिला खर्डा त्याच सुट्यांत पुरा झाला.