दाभोळ–धोपावे फेरीबोट: खाडी ओलांडा, पण आधी दाभोळात उतरा

दापोलीहून गुहागरला गाडीने जायचं तर खेड-चिपळूणला वळसा घालून शंभरेक किलोमीटर पडतात. वाशिष्ठी नदीच्या मुखाशी दाभोळहून पलीकडच्या धोपाव्याला जाणारी ही फेरीबोट धरली की अंतर जवळपास निम्म्यावर येतं. २००३ पासून चालू असलेल्या या सेवेत दुचाकी, मोटार, टेम्पो, बस सगळं चढतं, आणि पाण्यात जेमतेम दहा-पंधरा मिनिटं जातात. पाचपैकी साडेचार गुण. अर्धा गुण कापला तो ओहोटीसाठी.

धक्का म्हणजे पाण्यात उतरत गेलेला काँक्रीटचा उतार. भरतीला बोट वर लागते, गाडी चढवायची फळी जवळपास सपाट पडते. ओहोटीला ती खाली लागते, उताराचा शेवाळलेला भाग उघडा पडतो, आणि जमिनीलगत बसणाऱ्या मोटारीचा बंपर किंवा पोट फळीच्या सांध्यावर घासतं. उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या ओहोटीला हे सर्वांत वाईट, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, फारसं जाणवत नाही. वेळ काढायची कोकणातली जुनी रीत इथे चालते: तिथीला पाऊणने गुणा, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला सकाळी किंवा संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास लहान मोटार चढवू नये, फेरी-दोन फेऱ्या थांबावं. चढताना पहिला गिअर, क्लच अर्धवट दाबून रेंगाळायचं नाही, फळीवर ब्रेक मारायचा नाही. गाडी सरळ घ्यायची की उलटी, ते खलाशी सांगतो, त्याचंच ऐका. आत गेल्यावर इंजिन बंद, हँडब्रेक वर, गाडी गिअरमध्ये. दुचाकी बाजूच्या स्टँडवर सोडून वर जाऊ नका, बोट वळताना ती कलते.

सुट्टीच्या दिवसांत गाड्यांची रांग लांबते. तो वेळ गाडीत बसून घालवणारे मात्र मोठी चूक करतात, कारण ज्या दाभोळात ते उभे असतात ते बहमनी राजवटीचं आणि पुढे विजापूरचं महत्त्वाचं बंदर होतं. अरबी घोडे इथे उतरत, घाटावरचं कापड इथून जहाजात चढे. अफानासी निकितिन हा रशियन प्रवासी परतीच्या वाटेवर इथूनच निघाला. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदा चौलला मारल्या गेलेल्या मुलाचा सूड घ्यायला दिवकडे निघाला होता. वाटेत त्याने दाभोळ जाळलं, माणसं कापली. गाव त्यातूनही उठलं, पण पूर्वीचा डौल आला नाही. १६६० मध्ये ते शिवाजी महाराजांकडे आलं. पुढे आगबोटींच्या काळात चिपळूणचे उतारू इथे उतरून छोट्या होड्यांनी चिपळूणजवळच्या गोवळकोटला जात. रस्ते झाले आणि तीही वर्दळ आटली.

धक्क्यापासून चालत जाण्याइतकी जवळ शाही मशीद आहे, लोक तिला अंडा मशीद म्हणतात. एक मोठा घुमट, चार मिनार, पुढे हौज. मक्केला निघालेली विजापूरची शहजादी आयेशाबी इथे अडकली आणि सोबतचा पैसा तिने या बांधकामात घातला, अशी कथा सांगतात. काळ १६५९-६० चा. घुमटाखाली उभं राहून वर पाहावं. हे गाव काय होतं ते तिथे कळतं. गुहेतलं चंडिकादेवीचं देऊळ पाहायला वेगळा तास ठेवा. आत विजेचा दिवा नाही, समईच्या उजेडात वाकून जावं लागतं, डोळे सरावेपर्यंत दोन मिनिटं थांबा.

आणखी एक: ‘दाभोळचा वीजप्रकल्प’ दाभोळात नाही. एन्रॉन या अमेरिकी कंपनीमुळे नाव गाजलं ते याचं, पण प्रकल्प पलीकडच्या काठावर अंजनवेल-वेलदूरला आहे.

सुटे पैसे जवळ ठेवा. परतायचं असेल तर शेवटच्या फेरीची वेळ जातानाच तिकीटखिडकीवर विचारून घ्या, ती चुकली तर रात्री पुन्हा चिपळूणचा वळसा.